डिप्रेशनची गोळी सोडली आणि अंगातली ताकदच गेली; दोष खरंच कॉर्टिसॉलचा आहे का?

शाबान महिना निम्मा सरला की सांगली, मिरज, कराड, साताऱ्याच्या दवाखान्यांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "डॉक्टर, रोजे धरायचेत, गोळ्यांचं काय करू?" शुगरवाले विचारतात, बीपीवाले विचारतात. डिप्रेशनच्या गोळ्या घेणारे मात्र सहसा विचारत नाहीत. एक तर ती गोळी चालू आहे हे घरात सगळ्यांना माहीत नसतं, आणि दुसरं म्हणजे 'आता बरं वाटतंय, रमजानच्या बरकतीने निभावून जाईल' असं वाटतं. गोळी गुपचूप बंद होते. पुढे काय होतं, ते या लेखात सांगायचं आहे.

आमच्या ओळखीच्या मिरजेतल्या एका भाभींचं असंच झालं. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. शिवणकाम करून घर चालवणारी बाई. दीड वर्ष एस्सिटालोप्राम नावाची गोळी चालू होती, फरक चांगला होता. पहिल्या रोज्याच्या दोन दिवस आधी त्यांनी ती एकदम थांबवली. चौथ्या रोज्याला डोकं गरगरायला लागलं. मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं व्हायचं. कारण नसताना रडू यायचं. घरच्यांना वाटलं रोज्याची कमजोरी. ईद झाली, शव्वाल सरला, तरी बाई सकाळी अंथरुणातून उठेना. "अंगात जीवच नाय," एवढंच म्हणायची.

मग दिराने 'फुल बॉडी चेकअप' करून आणला. त्या पॅकेजमध्ये कॉर्टिसॉल नावाची एक तपासणी होती, आणि तिच्यासमोर ठळक अक्षरात 'कमी' लिहून आलं. घरातल्या एका शिकलेल्या पोराने मोबाईलवर शोधलं आणि निदान तयार झालं: डिप्रेशनच्या गोळीने अ‍ॅड्रिनल ग्रंथी 'थकली'. कुणीतरी मेडिकलमधून स्टेरॉइडची पट्टीही आणून दिली.

नशीब एवढंच, की ती पट्टी फोडण्याआधी घरच्यांनी एका फिजिशियनला रिपोर्ट दाखवला. त्यांनी पहिला प्रश्न केला, "रक्त किती वाजता दिलं होतं?" उत्तर आलं, दुपारी साडेचारला. डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि सकाळी आठ वाजता परत रक्त द्यायला सांगितलं. दुसऱ्या रिपोर्टमध्ये कॉर्टिसॉल अगदी व्यवस्थित होतं.

त्या एका प्रश्नात निम्मा विषय आला.

कॉर्टिसॉल म्हणजे काय आणि ते वेळेला का बांधलेलं असतं

दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात, त्या अ‍ॅड्रिनल. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथी असते. मेंदू पिट्यूटरीला सांगतो, पिट्यूटरी एसीटीएच नावाचा निरोप रक्तातून खाली पाठवते, आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. रक्तदाब टिकवणं, उपाशी असताना साखर खाली जाऊ न देणं, ताप, अपघात किंवा ऑपरेशन अंगावर निभावून नेणं, ही कामं कॉर्टिसॉलची. लोक त्याला 'टेन्शनचं हार्मोन' म्हणतात, पण टेन्शन नसतानाही ते लागतंच. ते अजिबात नसेल तर माणूस जगत नाही.

हे हार्मोन दिवसभर सारखं नसतं. पहाटेपासून चढायला लागतं, सकाळी सात-आठच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं, दुपारनंतर उतरतं आणि मध्यरात्री जवळजवळ तळाला जातं. म्हणून दुपारी चारला आलेला चार-पाचचा आकडा पुष्कळदा निरोगी माणसाचाच असतो. रिपोर्टवर फक्त सकाळची नॉर्मल मर्यादा छापलेली असेल, तर तोच आकडा 'कमी' दिसतो. चूक तब्येतीची नसते, घड्याळाची असते. पॅकेज विकणाऱ्यांनी निदान रक्त कधी द्यायचं एवढं तरी सांगायला हवं, असं आम्हाला वाटतं.

रमजानमध्ये ही भानगड आणखी वाढते. तरावीह, रात्रीची जाग, सहरी आणि मग फजरनंतरची झोप, यामुळे शरीराचं घड्याळच सरकतं. रमजानमध्ये कॉर्टिसॉलचा सकाळ-संध्याकाळचा चढउतार बराच सपाट होतो, असं सौदी अरेबियातल्या एका अभ्यासात दिसलं होतं. त्यामुळे फार तातडीचं नसेल तर ही तपासणी ईदनंतर, झोप मूळ वेळेवर आल्यावर करावी. रात्रपाळी करणाऱ्यांनाही हेच लागू.

सकाळी आठच्या आकड्याचा ढोबळ अर्थ असा. मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर या मापात ३ च्या खाली असेल तर कॉर्टिसॉल खरोखर कमी असण्याची दाट शक्यता. १५ ते १८ च्या वर असेल तर काळजी सोडायला हरकत नाही. मधला आकडा आला तर नुसत्या एका रक्ततपासणीवर काहीच ठरत नाही. मग एसीटीएचचं इंजेक्शन देऊन ग्रंथी किती दाद देते ते बघतात. परदेशात त्यासाठी सिनॅक्थेन नावाचं औषध वापरतात. आपल्याकडे ते सहज मिळत नाही, म्हणून अनेक ठिकाणी अ‍ॅक्टन प्रोलाँगेटम नावाच्या इंजेक्शनवर काम भागवतात, आणि ते चालतं हे भारतातल्या डॉक्टरांनी तपासून बघितलेलं आहे. काही लॅब नॅनोमोल प्रति लिटर या मापात आकडा देतात, तो साधारण २७.६ पट मोठा दिसतो. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून घाबरण्याआधी माप बघा.

मग गोळी सोडल्यावर झालं ते काय होतं?

डिप्रेशनची गोळी सोडल्यामुळे अ‍ॅड्रिनल ग्रंथी निकामी होते किंवा कॉर्टिसॉल कायमचं खाली जातं, असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही. 'अ‍ॅड्रिनल थकवा' हा शब्द मोबाईलवर फार फिरतो, पण हार्मोनचे तज्ज्ञ त्याला आजार मानत नाहीत. डिप्रेशन आणि कॉर्टिसॉल यांचा संबंध मात्र आहे, तो जुना आणि गुंतागुंतीचा. जबर डिप्रेशन असलेल्या बऱ्याच रुग्णांत कॉर्टिसॉल उलट वाढलेलं आढळतं, आणि मिर्टाझापिनसारखी एखादी गोळी ते काही काळ खाली आणते. पण 'खाली येणं' आणि 'ग्रंथी बंद पडणं' यात साताऱ्याहून मुंबईएवढं अंतर आहे.

भाभींना पहिल्या आठवड्यात जे झालं, त्याला डॉक्टर गोळी सोडल्याचा त्रास म्हणतात. मेंदूला औषधाची सवय झालेली असते आणि पुरवठा एकदम तुटतो. साधारण दोन ते चार दिवसांत गरगर, मळमळ, डोक्यात करंटचे झटके, विचित्र स्वप्नं, चिडचिड, रडू हे सुरू होतं. बहुतेकांचं काही आठवड्यांत थांबतं, थोड्यांचं महिनोन्महिने रेंगाळतं. २०२४ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला हिशोब आला. गोळी सोडणाऱ्यांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला. पण जे खोटी, औषध नसलेली गोळी सोडत होते त्यांच्यातही १७ टक्के लोकांनी त्रास सांगितला. म्हणजे खऱ्या औषधामुळे होणारा त्रास साधारण सहा-सात जणांत एकाला, आणि तीव्र त्रास पस्तीसेक जणांत एकाला. हा आकडा थोडा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. आणि तो ऐकून गोळीला घाबरण्यासारखाही नाही.

त्रास कुणाला जास्त होतो, हे बरंचसं औषधावर आहे. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन शरीरातून भराभर निघून जातात, ती सोडताना जास्त जपावं लागतं. फ्लुऑक्सेटिन आठवडे-आठवडे रेंगाळतं, म्हणून तिथे धक्का कमी.

सोडायची पद्धतही लोकांना माहीत नसते. 'एक दिवसाआड घेतो' हा आपल्याकडचा आवडता उपाय, पण पटकन उतरणाऱ्या औषधात त्याने मेंदूला रोज झोका मिळतो. डॉक्टर डोस हळूहळू कमी करतात, आणि गंमत अशी की शेवटचा टप्पा सगळ्यात सावकाश उतरावा लागतो. वीसवरून दहावर येणं सोपं जातं. पाचवरून शून्यावर येणं जड जातं, कारण थोड्या डोसातही औषधाने मेंदूतल्या बऱ्याचशा जागा धरून ठेवलेल्या असतात. कुणाला काही आठवडे लागतात, वर्षानुवर्षं घेतलेल्याला काही महिने.

भाभींचा पुढचा त्रास, म्हणजे ईदनंतरचं ते अंथरुण, ते काय होतं? मानसोपचार तज्ज्ञांनी सांगितलं, मूळ आजार परत आला होता. या दोन्हींत फरक करायची एक साधी खूण आहे. सोडल्याचा त्रास दिवसांत येतो, करंट-गरगर अशी नवी लक्षणं आणतो, आणि गोळी परत सुरू केली की बहुधा लवकर उतरतो. आजार परतणं आठवड्या-महिन्यांनी, दबकत येतं, आणि लक्षणं जुनीच असतात. एकाच बाईला आधी एक आणि मग दुसरं, असंही होतं. तसंच झालं होतं.

कॉर्टिसॉल खरंच कमी असेल तर, तेव्हा कारण कुठे शोधायचं

इथे आम्हाला जरा थांबायचंय, कारण सातारा-सांगलीकडे कॉर्टिसॉल खरोखर कमी असलेली माणसं आहेत, आणि त्यातल्या कित्येकांना थकव्यासाठी डिप्रेशनची गोळी दिलेली असते. गोळीने फरक पडत नाही, ते ती सोडतात, आणि मग वाटतं की गोळी सोडल्यामुळे असं झालं. मूळ दुखणं गोळीच्या आधीपासून असतं.

सगळ्यात मोठं कारण म्हणजे स्टेरॉइड. गुडघेदुखीची बिन-नावाची पुडी, दम्यावरची 'खात्रीची' गोळी, वजन वाढवायला लग्नाआधी पोरींना दिलेली गोळी, चेहरा उजळ करणारं मलम. यांत बऱ्याचदा डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा तत्सम स्टेरॉइड असतं. पुडी 'युनानी' किंवा 'आयुर्वेदिक' म्हणून दिली जाते. प्रामाणिक हकीम आणि वैद्यांचा यात दोष नाही, पण पुडीवर नाव आणि घटक लिहिलेले नसतील तर ती घ्यायचीच कशाला? स्टेरॉइडयुक्त मलमं बिनाचिठ्ठीची सर्रास विकली जात होती म्हणून केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशा चौदा स्टेरॉइडना डॉक्टरांच्या चिठ्ठीचं बंधन घातलं. गल्लीतल्या दुकानात ते किती पाळलं जातं ते वाचकांनीच बघावं.

बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर आपलं कॉर्टिसॉल बनवणं थांबवतं. विहिरीवरची मोटार वर्षभर बंद ठेवली आणि टँकरने पाणी आणत राहिलं, तर टँकर बंद झाल्या दिवशी बटण दाबून पाणी येत नाही. तसंच हे. तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त स्टेरॉइड घेऊन एकदम बंद केलं, तर ग्रंथी जागी व्हायला महिने लागू शकतात. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आपले दोन्ही जिल्हे किती पोळले ते सांगायला नको. ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांसाठी डेक्सामेथासोन रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस, एवढाच ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीतला डोस होता. घरात बसून जुन्या चिठ्ठीवर आठवडेच्या आठवडे गोळ्या खाणारे लोक आम्ही पाहिले आहेत. भाभींच्या घरी आलेली ती पट्टी याचसाठी धोक्याची होती: नसलेला आजार तिने तयार केला असता.

दुसरं कारण शेतातलं आहे. कृष्णाकाठच्या उसात घोणस असते. घोणस चावून वाचलेल्या काही रुग्णांत विषामुळे पिट्यूटरी ग्रंथीला इजा होते, हे भारतात आणि म्यानमारमध्ये नोंदलं गेलंय. किडनी सुधारते, माणूस घरी येतो, आणि काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, थकवा, दाढी-मिशा विरळ होणं, पाळी बंद होणं, थंडी सहन न होणं सुरू होतं. सर्पदंशाशी त्याचा संबंध कुणी जोडतच नाही. तुमच्या घरात असा माणूस असेल आणि त्याला 'आळशी झाला' म्हणत असाल, तर डॉक्टरांना जुन्या दंशाबद्दल मुद्दाम सांगा.

तिसरं बायकांचं. बाळंतपणात खूप रक्त गेलं, नंतर दूध आलंच नाही, पाळी परत सुरू झाली नाही, आणि तेव्हापासून बाई 'कायमची अशक्त' आहे. याला शीहान सिंड्रोम म्हणतात. रक्तपुरवठा तुटून पिट्यूटरीचा भाग मरतो. वीस-वीस वर्षं हे निदान होत नाही, कारण 'दूध आलं होतं का' हा प्रश्न कुणी विचारत नाही. अशा बाईला डिप्रेशनची गोळी मिळणं अगदी स्वाभाविक आहे, लक्षणं तशीच दिसतात.

आणि चौथं, टीबी. यात आपल्या भागाचा इतिहासही आहे. मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिशन हॉस्पिटल उभं केलं, आणि सांगली-मिरजेच्या मध्ये वॉन्लेसवाडी टीबीच्या सॅनेटोरियमसाठी ओळखली जाऊ लागली. १८५५ मध्ये लंडनच्या थॉमस अ‍ॅडिसन यांनी अ‍ॅड्रिनल निकामी झालेल्या रुग्णांचं पहिलं वर्णन लिहिलं, तेव्हा त्यातल्या कित्येकांच्या ग्रंथी टीबीनेच खाल्लेल्या होत्या. आपल्या देशात आजही ते कारण मागे पडलेलं नाही. त्यात टीबीचं रिफाम्पिसिन हे औषध शरीरातलं कॉर्टिसॉल लवकर संपवतं, त्यामुळे आधीच काठावर असलेला रुग्ण उपचार सुरू झाल्यावर अचानक कोसळू शकतो. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्यावर उलट्या आणि कमालीचा अशक्तपणा आला, तर 'गोळ्या गरम पडल्या' म्हणून सोडून देऊ नका.

जाता जाता एक गोष्ट. डिप्रेशनचं पहिलं औषधही टीबीच्या वॉर्डातच सापडलं. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू हॉस्पिटलमध्ये इप्रोनियाझिड हे टीबीचं औषध घेणारे रुग्ण एवढे उल्हसित झाले की त्यांच्या नाचण्याचे फोटो छापून आले. पाचेक वर्षांत ते औषध डिप्रेशनसाठी वापरात आलं. कॉर्टिसोनची गोष्ट त्याच्या थोडी आधीची. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये ते पहिल्यांदा संधिवाताच्या रुग्णाला दिलं गेलं आणि १९५० मध्ये केंडाल, राइखस्टाइन आणि हेंच यांना नोबेल मिळालं. त्याआधी अ‍ॅडिसनचा आजार म्हणजे मृत्यूच. पुढे जॉन केनेडी हाच आजार घेऊन अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले.

खरी कमतरता ओळखायच्या खुणा सांगतो. नुसता थकवा पुरेसा नाही. वजन उतरणं, भूक मरणं, मळमळ, उभं राहिलं की चक्कर, मीठ खावंसं वाटणं, वरचेवर साखर कमी होणं, रक्तातलं सोडियम घटणं. आणि दोष अ‍ॅड्रिनलमध्येच असेल तर तळहाताच्या रेषा, हिरड्या, जुने व्रण काळे पडणं. सोडियमबद्दल एक सावधगिरी: वयस्क माणसांत डिप्रेशनच्या गोळ्यांनी आणि बीपीच्या लघवीच्या गोळ्यांनीही सोडियम उतरतं. म्हणून तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये.

जगायचं कसं, आणि रोज्याचं काय

निदान पक्कं झालं तर उपचार साधा आहे. शरीर जे बनवत नाही ते गोळीने द्यायचं: हायड्रोकॉर्टिसोन दिवसातून दोन-तीनदा, किंवा प्रेडनिसोलोन दिवसातून एकदा. हे स्टेरॉइडच आहे, पण डोस शरीराच्या गरजेएवढा. 'स्टेरॉइड वाईट' हे ऐकून अशा रुग्णाने गोळी सोडली तर जीव जाऊ शकतो. पुडीतल्या स्टेरॉइडबद्दल वर एवढं बोललो, म्हणून हे ठासून सांगतो.

घरातल्या प्रत्येकाला दोन गोष्टी पाठ असाव्यात. ताप आला तर डोस दोन-तीन दिवस दुप्पट किंवा तिप्पट करायचा, डॉक्टरांनी आधी लिहून दिल्याप्रमाणे. आणि उलट्या-जुलाबांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर घरी वाट बघायची नाही. हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि थेट हॉस्पिटल. गावातल्या डॉक्टरकडे ते इंजेक्शन आहे का ते आधीच विचारून ठेवा, घरात एक व्हायल ठेवा, आणि रुग्णाच्या खिशात मराठीत लिहिलेली चिठ्ठी ठेवा: 'मला कॉर्टिसॉलची कमतरता आहे. बेशुद्ध आढळल्यास ताबडतोब हायड्रोकॉर्टिसोन द्या.' उमऱ्याला किंवा हजला जाणाऱ्यांनी तीच चिठ्ठी इंग्रजी-अरबीत करून घ्यावी आणि गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवाव्यात. मक्केतल्या उन्हात घामावाटे मीठ-पाणी किती जातं ते जाऊन आलेल्यांना माहीत आहे.

आता रोजे. कॉर्टिसॉल कमी असलेल्या माणसाला उपवासात पाणी आणि साखर दोन्ही खाली जायची भीती असते. ज्यांचं निदान नुकतंच झालंय, ज्यांना अलीकडे असा झटका येऊन हॉस्पिटलात जावं लागलं, गरोदर बायका, ज्यांना सोबत बेभरवशाची शुगर आहे, त्यांनी रोजा धरू नये, असंच तज्ज्ञ सांगतात. बाकीच्यांपैकी काहींना धरता येतो. त्यासाठी ब्रिटनमधल्या हार्मोन-तज्ज्ञांनी मुस्लिम रुग्णांकरता सल्ला तयार केलाय. दिवसातून तीनदा घ्यायच्या हायड्रोकॉर्टिसोनऐवजी सहरीला एकच प्रेडनिसोलोन, हा त्यातला मुख्य बदल. पण हा बदल रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांसोबत करायचा, पहिल्या सहरीला नाही. दोन-चार नफिल रोजे धरून बघितले तर आणखी चांगलं. चक्कर, उलटी, घाम, भोवळ आली की रोजा तिथेच सोडायचा.

आजाऱ्याला रोज्यातून सूट आहे हे सूरह बकरामध्ये स्पष्ट आहे. बरं झाल्यावर कजा, आणि बरं होण्याची आशाच नसेल तर फिदया. आपल्या बाबतीत कुठला हुकूम लागू होतो ते डॉक्टरांचं मत घेऊन इमाम साहेबांना विचारावं. तपासणीसाठी रक्त दिल्याने किंवा अन्न-पोषणासाठी नसलेल्या इंजेक्शनने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमांचं मत आहे. माणूस कोसळलेला असताना तर तो प्रश्नच येत नाही.

डिप्रेशनच्या गोळीचं उत्तर याहून सोपं आहे. बहुतेक गोळ्या दिवसातून एकदाच घ्यायच्या असतात. इफ्तारनंतर किंवा सहरीला घेता येतात, वेळ बदलायची तर आठवडाभर आधी विचारून बदला. दोनदाची असेल तर डॉक्टर बहुधा दिवसातून एकदाचं रूप देऊ शकतात. अपवाद लिथियमचा: ते डिप्रेशनची नेहमीची गोळी नाही, पण काहींना चालू असतं, आणि दिवसभर पाणी न पिल्याने रक्तात त्याचं प्रमाण धोक्याचं होऊ शकतं. लिथियम घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजा धरू नये.

भाभींची गोष्ट अर्धी राहिली. त्यांनी गोळी लपवली होती ती सासूबाईंच्या भीतीने. 'पागलाची दवा' म्हणतील म्हणून. घरात कुणीतरी 'असर' आहे म्हणालं, मिरासाहेबांच्या दर्ग्यात नेलं. दुआ मागण्यात काही चूक नाही; भाभींना तिथे बसून बरं वाटतं, आजही त्या गुरुवारी जातात. गुजरातमध्ये उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा-दुआ' नावाचा उपक्रम चालतो, तिथले मुजावर आलेल्या रुग्णाला दुआ देतात आणि शेजारीच बसलेल्या मानसोपचार डॉक्टरकडेही पाठवतात. आपल्या दर्ग्यांच्या आणि मशिदींच्या कमिट्यांना हे जमणार नाही असं काही नाही. आमच्या माहितीतल्या एका इमाम साहेबांनी रमजानआधीच्या जुम्म्याला शुगरच्या गोळ्यांबद्दल दोन मिनिटं सांगितलं होतं. त्यात मनाच्या गोळ्यांचं एक वाक्य वाढवायला कितीसा वेळ लागतो?

मदत कुठे मिळते तेही सांगतो. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सांगलीचं सिव्हिल, साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय, कराडचं कृष्णा हॉस्पिटल, सांगलीचं भारती हॉस्पिटल, इथे सुरुवात करता येते. साताऱ्यात परिवर्तन संस्था व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्यावर बरीच वर्षं काम करते आहे. हार्मोनच्या तज्ज्ञासाठी कोल्हापूर किंवा पुण्याला जावं लागू शकतं, पण सकाळची रक्ततपासणी आणि पहिला विचार गावाजवळचा चांगला फिजिशियनही करू शकतो. घरात बोलायची सोय नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर टेली मानसचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र, फुकट, मराठीत चालतो. केंद्र सरकारने तो ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केला.

भाभींची गोळी परत सुरू झाली. दीड-दोन महिन्यांत शिलाई मशीन परत चालू झालं. यंदा त्यांनी शाबानमध्येच डॉक्टरांना विचारलं आणि गोळी इफ्तारनंतरच्या वेळेवर लावून घेतली. सासूबाईंना गोळीचं कळलंय. रोज इफ्तार झाल्यावर "गोळी घेतली का गं?" असं आता त्याच विचारतात.